नव्या घरी काढू

मिक्सर गेला. रविवारी दुपारी साडेबाराला, वाटप अर्ध्यावर असताना. आधी आवाज घोगरा झाला, मग जळका वास आला, मग बटण कितीही फिरवलं तरी नुसती शांतता. भांड्यात खोबरं भरड, धणे अख्खेच्या अख्खे. ओट्यावर बांगडे हळद-मीठ लावून पडलेले.

"माळ्यावर नवा आहे ना," नवरा बाहेरून म्हणाला.

"तो नव्या घरी काढायचाय."

बोलून झाल्यावर माझं मलाच ऐकू आलं. आतून मुलगी खुदकन हसली. तिला हे वाक्य पाठ आहे. चादर मागितली तरी हेच, काचेचे ग्लास मागितले तरी हेच. लहान असताना तिला वाटायचं, 'नव्याघरी' हे एका गावाचं नाव आहे, आपल्या चांगल्या वस्तू सगळ्या तिथे राहतात. फार चुकीचं नव्हतं ते.

आमचं नवं घर भांडुपला आहे. आहे म्हणजे इमारत आहे. २२ मजले उभे आहेत, १४व्यावर आमच्या खिडकीला काचाही लागल्यात. बुक केलं २०१९ साली, करारनाम्यात ताबा लिहिलाय डिसेंबर २०२२. आम्ही अजून विक्रोळीला, कन्नमवार नगरात भाड्याने. अकरा-अकरा महिन्यांचा सातवा करार चालू आहे. आता घरमालक म्हणतात, ही बिल्डिंगही रिडेव्हलपमेंटला जाणार, तुम्ही तुमचं बघून ठेवा. मी त्यांना म्हटलं, आम्ही २०१९पासून बघूनच ठेवलंय.

मिक्सर भावाने दिलेला. २०२०च्या दिवाळीत तो पुण्याहून आला होता, वास्तुशांतीला सुट्टी मिळेल न मिळेल म्हणून भेट आगाऊ देऊन गेला. मी स्टुलावर चढून खोकं खाली काढलं. बिल आतच होतं, नोव्हेंबर २०२०चं. वॉरंटी दोन वर्षं. म्हणजे बिल्डरने सगळं अगदी वेळेवर केलं असतं तरी ती महिनाभर आधीच संपली असती. का कोण जाणे, मला यातून थोडं समाधान वाटलं. निदान एका गोष्टीचा दोष त्याच्यावर नाही.

स्टुलावर चढलेच होते, तर बाकीचा माळाही डोळ्याखालून घातला. सहा जणांचा डिनर सेट. दोन पडदे, ज्यांची लांबी मी नकाशावरून काढली होती. एक घंटा, देवघरासाठी. देवघर कुठे बसणार हे अजून आमच्यात ठरायचंय. 'सुस्वागतम्' लिहिलेलं पायपुसणं. पंखा. पंखा मात्र एकदा आतून काढला होता, मागच्या मे महिन्यात, फारच उकडत होतं म्हणून. पुसून पुन्हा ठेवून दिला. माणूस पंखा पुसून पुन्हा खोक्यात ठेवतो, याला काय म्हणायचं?

आणि सगळ्यात मागे, भिंतीला टेकून, आईचा टोप. त्याच्याकडे येते.

नवं घर घेतलेल्या माणसाला एक खोड लागते, ती माझ्यात पुरती मुरली आहे. माझ्या पर्समध्ये इंची टेप असते. कुणाच्याही घरी गेले की बोलता बोलता माझा हात फ्रीजच्या मागे जातो. आमचं किचन ७ फूट ६ इंच बाय ८ फूट. हॉल १० बाय १५. कार्पेट एरिया ४१८ चौरस फूट. हे आकडे मला माझ्या आधार नंबरपेक्षा पक्के पाठ आहेत. ज्या ओट्यावर मी कधी हात टेकलेला नाही, त्याच्या कोणत्या कोपऱ्यात मिक्सर राहणार आणि त्याची वायर कुठल्या प्लगपर्यंत पोचणार, ते मला अंधारात सांगता येईल.

बिल्डरच्या ऑफिसचं कॅलेंडर वेगळं असतं. त्यात तारखा नसतात, सण असतात. आधी गुढीपाडव्याला देतो म्हणाले. मग अक्षय्य तृतीया, मग गणपतीत तुमच्या घरी मोदक खायला येतो. मग दसरा. दिवाळीला तर काउंटरवरच्या मुलीने स्वतःहून सांगितलं, "मॅडम, दिवाळी पक्की." कुठली ते मी विचारलं नाही. तिथे पुढचा हप्ता मागणारं डिमांड लेटर मात्र कधी उशिरा आलं नाही. स्लॅब पडला की दुसऱ्या दिवशी पत्र. पहाटे काँक्रीट ओतत असतील तेव्हाच कुणीतरी वर पाकिटं चिकटवत बसत असणार.

कारणंही खोटी नव्हती सगळी. करोनात महारेरानेच, म्हणजे बिल्डरांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणानेच, सरसकट सहा महिने मुदत वाढवून दिली, ते समजण्यासारखं होतं. मजूर गावी चालत गेले ते आपण पाहिलंय. पण करोना गेला आणि कारणं राहिली. एकदा फायर एनओसी. एकदा लिफ्ट. एकदा शेजारच्या प्लॉटशी हद्दीचं काहीतरी. सध्या ओसी. ओसी म्हणजे राहायला जायचा परवाना, त्याला मराठीत भोगवटा प्रमाणपत्र म्हणतात. ज्याने हा शब्द योजला त्याला भोग या शब्दाचे दोन्ही अर्थ नीट माहीत होते.

महारेराच्या साइटवर आपल्या प्रकल्पाचं पान असतं. त्यावर मूळ तारीख असते आणि तिच्याखाली सुधारित तारीख. 'सुधारित' या शब्दाने माझं डोकं फिरतं. काय सुधारलं? मी ते पान पूर्वी रोज रात्री उघडायचे, लोक राशिभविष्य बघतात तसं. आता महिन्यातून एकदा. हीच काय ती माझी आध्यात्मिक प्रगती.

तिथे घर घेतलेल्या आमच्यातल्या एका काकांना रेरा कायदा तोंडपाठ आहे. प्रत्येक मीटिंगला ते कलम १८ म्हणून दाखवतात, आरतीनंतर मंत्रपुष्पांजली म्हणावी तसं. एक तर बाहेर पडा आणि पैसे व्याजासकट परत घ्या, नाहीतर आत राहा आणि ताबा मिळेपर्यंत दरमहा व्याज मागा. स्टेट बँकेच्या सर्वांत वरच्या एमसीएलआरवर, म्हणजे कर्जाच्या मूळ दरावर, आणखी दोन टक्के. सगळे माना डोलवतात. बाहेर कोणी पडत नाही. २०१९च्या भावाचे पैसे हातात घेऊन आज भांडुपला जाल, तर एक खोली कमी मिळेल. त्यामुळे आम्ही सगळे आत आहोत. म्हणजे बाहेरच, पण आत.

नवऱ्याचं दुःख वेगळं, आकड्यांचं. भाडं आणि बँकेचं व्याज दोन्ही चालू, आणि प्री-ईएमआय, म्हणजे सध्या नुसतं व्याज भरणं, असल्यामुळे मुद्दल जागचं हललेलं नाही. त्यात यंदा त्याला कळलं की कर्ज घेतलं ते आर्थिक वर्ष संपल्यापासून पाच वर्षांत घर पूर्ण झालं नाही, तर जुन्या करपद्धतीत व्याजावरची दोन लाखांची सवलत तीस हजारांवर येते. आमची पाच वर्षं ३१ मार्च २०२५ला संपली. "उशीर त्यांनी केला आणि दंड मला?" असं तो सीएला विचारत होता. सीए म्हणाला, कलमात तसं लिहिलेलं नाही, पण हो.

मध्यंतरी 'फिटआऊटसाठी चावी घ्या', म्हणजे आतलं फर्निचर करून घ्या, असा निरोप आला होता. ओसी नाही, पाणी टँकरचं, लिफ्ट एकच आणि तीही मालाची. आम्ही घेतली नाही. बाराव्या मजल्यावरच्या बाईंनी घेतली, किचनला ट्रॉल्यासुद्धा बसवल्या. महिन्यातून एकदा त्या जिने चढून जातात, सगळ्या ट्रॉल्या एकेक करून उघडतात, मिटतात, आणि कुलूप लावून परत येतात. गंजू नयेत म्हणून. मला ऐकून हसू आलं होतं. मग पंखा आठवला.

मुलीची खोली आधी गुलाबी व्हायची होती. बुकिंगला ती तीन वर्षांची होती. मग जांभळी. मग एका भिंतीवर आकाशगंगा. शाळाही आम्ही नव्या घराजवळची घेतली, ताबा येतोच आहे म्हणून. ती रोज विक्रोळीहून भांडुपला व्हॅनने जाते आणि आपल्याच बिल्डिंगच्या खालून घरी परत येते. परवा तिला रंगाचं पुन्हा विचारलं. "पांढरा चालेल," म्हणाली. मोठ्या माणसासारखी.

तर टोप.

आम्ही लालबागला चाळीत राहायचो, १० बाय १२ची खोली, सहा माणसं. बाबा गिरणीत साचाखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला तेव्हा मी आईच्या पोटात. तो संप कधी संपला असं कोणी सांगत नाही. बाबा पुढे मिळेल ते काम करत राहिले आणि आईने डबे सुरू केले. दोन्ही वेळचा भात जर्मनच्या, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या, एका टोपात शिजायचा, ज्याला बाहेरून इतके पोचे होते की तो चुलीवर आपोआप स्थिर बसायचा.

१९९२ साली चाळ पाडून नवी बांधणार असं ठरलं. गच्चीवर मीटिंग झाली, एका माणसाने नकाशा धरला आणि दुसऱ्याने त्यावर टॉर्च. प्रत्येकाला २२५ चौरस फूट, सेल्फ कंटेन. तो शब्द पुढे वर्षभर चाळीत फिरत होता. आत मोरी, आत संडास, स्वतःचा नळ. आईने त्याच आठवड्यात स्टीलचा टोप घेतला, भलामोठा, पंधरा-वीस माणसांच्या भाताचा. माझा हात धरून ती नाव घालायला घेऊन गेली. भांडेवाल्याच्या दुकानाच्या पायरीवर एक माणूस ते छोटं मशीन घेऊन बसायचा. त्याच्या टर्रर्र आवाजाने माझे दात शिवशिवायचे, तरी मी अगदी वाकून बघत होते. टोपाच्या काठाखाली सौ. आलं, आईचं नाव आलं, आडनाव आलं, '१९९२' आलं. मग खाली 'खो. नं.' लिहून त्याने मान वर केली. आमच्याकडे भांड्यावर खोली नंबर लागायचाच, नाहीतर लग्नकार्यात गेलेलं भांडं परत येत नसे.

"नंबर काय?"

"ता ऱ्हवांदे," आई म्हणाली. "नवो नंबर गावलो की घालतंय."

त्याने खांदे उडवले आणि टोप फडक्याने पुसून दिला. तो घरी आला, जुन्या साडीत गुंडाळला गेला आणि माळ्यावर गेला. डबे जर्मनच्या टोपातच होत राहिले. एकदा गणपतीत पंचवीस माणसं जेवायला होती, तर आईने शेजारून टोप मागून आणला. आपला काढला नाही. मी विचारलं, तर म्हणाली, "नव्या घराक व्हयो तो."

नकाशावाला माणूस पुढच्या पावसाळ्यानंतर दिसला नाही. दुसरा आला, तोही गेला. बाबा म्हणायचे, बघू. या एका शब्दावर त्यांनी वीसेक वर्षं काढली. गिरणी कामगारांच्या घरांचा अर्जही भरला होता त्यांनी. २०१२च्या जूनमध्ये म्हाडाने ६,९२५ घरांची सोडत काढली, अर्ज लाखाच्या वर. यादीत त्यांच्या गिरणीचं नाव होतं, त्यांचं नव्हतं. चष्मा काढून, पुन्हा लावून, बोट फिरवत त्यांनी ती यादी दोनदा वाचली आणि पेपर घडी करून आईकडे दिला, रद्दीत घालायला. अर्जाची पोचपावती मात्र प्लास्टिकच्या पाकिटात ठेवली. दोन वर्षांनी ते गेले. पाकीट आता आईकडे देवगडला आहे, वारस म्हणून तिचं नाव लावलंय. म्हणजे आमच्या कुटुंबात सध्या दोन घरांची वाट बघणं चालू आहे, आणि मला खरंच सांगता येत नाही की आधी कुठलं येईल.

भांडुपचं बुकिंग झालं तेव्हा आई एसटीने आली, मांडीवर साडीत गुंडाळलेला टोप घेऊन. दर रविवारी तिचा फोन येतो. "घराचा काय झाला गो?" मी सांगते ते सगळं ऐकून घेते. शेवटी, "टोप काढू नको हां."

बांगडे अजून तसेच होते. मी मिक्सरची टेप कापली. आतून नव्या प्लास्टिकचा वास आला, तो इतक्या वर्षांत उडालाच नव्हता. मोठ्या भांड्यात वाटप उलटं केलं, पाणी घातलं, बटण फिरवलं. काय आवाज होता! पण झाकणाची रबरी रिंग पडून पडून कडक झालेली; मसाला चारी बाजूंनी पाझरायला लागला. मी वरून हात दाबून धरला आणि तिरफळं तेवढी बाजूला काढून ठेवायला मुलीला ओरडले. कालवण बरं झालं. तिखट जरा कमी, कारण बरंचसं ओट्यावर राहिलं.

जेवण झाल्यावर नवरा खोकं आणि थर्माकोल घेऊन दारात उभा. "हे खाली टाकून येऊ?"

"वेडा आहेस का? शिफ्टिंगला लागेल."

त्याने थर्माकोल नीट आत बसवला, झाकण मिटलं, वर टेप लावली. मग स्टुलावर चढून खोकं होतं तिथेच ठेवलं, टोपाला लागून. खाली उतरून म्हणाला, "रिंग मिळेल का रे वेगळी?" रे कुणाला म्हणाला काय माहीत. मी ओटा पुसत होते.