पेन ड्राइव्ह आणि कोड 32

चाटी गल्लीतल्या एका कापड दुकानाचा लॅपटॉप माझ्याकडे दुरुस्तीला आला. टॅलीचा बॅकअप घ्यायला पेन ड्राइव्ह लावला तर तो दिसतच नव्हता. लॅपटॉप मालकांच्या मुलाचा, स्वतःच्या पैशाने घेतलेला. पुण्याच्या नोकरीत घरून काम करताना त्याने त्यावर कंपनीचं खातं जोडलं आणि ‘या कंपनीला माझं डिव्हाइस मॅनेज करू द्या’ ही टिक तशीच ठेवली. नोकरी सुटली, खातं राहिलं. आधीच्या दुकानात ‘फॉरमॅट मारावा लागेल’ असं सांगितलं होतं. आमच्या धंद्यात फॉरमॅट हा रामबाण, कारण मग निदान करावं लागत नाही.

आधी कमांड प्रॉम्प्ट ॲडमिन म्हणून उघडून ‘डीएसरेगसीएमडी /स्टेटस’, म्हणजे मशीन कंपनीला कसं जोडलंय ते दाखवणारी कमांड. अझुरएडीजॉइन्ड (अख्खं मशीन कंपनीत सामील) ‘नो’, वर्कप्लेसजॉइन्ड (नुसतं खातं जोडलेलं) ‘यस’. म्हणजे मशीन कंपनीचं नाही, फक्त खातं चिकटलंय. पहिलं उत्तर ‘यस’ असतं तर आधी लोकल ॲडमिन खातं बनवावं लागलं असतं, नाहीतर डिस्कनेक्ट केल्यावर लॉगिनच बंद. आणि मशीन कंपनीच्या मालकीचं असेल तर मी हातच लावत नाही.

मग ‘मॅनेज-बीडीई -प्रोटेक्टर्स -गेट सी:’ देऊन बिटलॉकरची, म्हणजे डिस्कला कुलूप घालणाऱ्या विंडोजच्या सोयीची, 48 आकडी रिकव्हरी की कागदावर उतरवली. ती कंपनीच्या खात्यातच पडलेली असली, तर खातं तोडल्यावर मागायची कुणाकडे?

सेटिंग्ज, अकाउंट्स, ॲक्सेस वर्क ऑर स्कूल. खात्याखाली ‘इन्फो’ बटण होतं. ते दिसलं की मशीनवर कंपनीचं नियंत्रण आहे असं समजायचं. डिस्कनेक्ट, रिस्टार्ट. लांबलचक पिनची सक्ती गेली. पेन ड्राइव्ह मात्र अजून गायब.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं चिन्ह, कोड 32: ड्रायव्हरची सर्व्हिस बंद. पॉलिसीतून, म्हणजे कंपनीने खात्यामार्फत लावलेल्या नियमांतून, घातलेली बंदी खातं तुटल्यावर सहसा निघते, पण कुणी स्क्रिप्ट चालवून रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जच्या वहीत) थेट आकडा बदलला असेल तर तो परत फिरवायला कुणी येत नाही. एचकेएलएम, सिस्टम, करंटकंट्रोलसेट, सर्व्हिसेस, यूएसबीस्टोर. तिथे ‘स्टार्ट’ 4 (बंद) होता, हवा 3 (लागेल तेव्हा चालू). बदलला, रिस्टार्ट केलं, पेन ड्राइव्ह हजर. दुसऱ्याच्या मशीनवर असली स्क्रिप्ट सोडून मोकळं होणाऱ्या आयटीवाल्यांना काय म्हणावं!

क्रोम तरीही ‘तुमची संस्था मॅनेज करते’ म्हणत होतं. मालक कंपनीला शिव्या घालू लागले, पण ही दुसरीच भानगड. क्रोम://पॉलिसी उघडलं तर ‘एक्स्टेन्शनइन्स्टॉलफोर्सलिस्ट’मध्ये, म्हणजे सक्तीने बसवायच्या एक्स्टेन्शनच्या यादीत, एक अनोळखी एक्स्टेन्शन. फुकटच्या पीडीएफ कन्व्हर्टरची देणगी. रजिस्ट्रीतली सॉफ्टवेअर, पॉलिसीज, गूगल, क्रोमखालची ती नोंद पुसली तर रिस्टार्टनंतर पुन्हा उगवली. टास्क शेड्युलरमध्ये लॉगिनला चालणारं एक टास्क ती परत लिहीत होतं. आधी टास्क, मग कन्व्हर्टर, शेवटी नोंद, या क्रमाने काढलं तेव्हा पिच्छा सुटला. विंडोज होम असल्याने जीपीएडिट, म्हणजे पॉलिसी बदलायचं विंडोजचं साधन, नव्हतंच. ते यूट्यूबवरच्या बॅच फाइलने बसवायची लोकांना भारी हौस, इथे त्याचा काडीचा उपयोग नव्हता.

लॅपटॉप नेताना मालकांनी विचारलं, “आता ह्यात कंपनीचं काहीच राहिलं नाही की वो?”

दिसलं ते सगळं काढलं, एवढंच सांगू शकलो. स्क्रिप्टने अजून कुठे काय बदललंय याची यादी मशीनमध्ये कुठेच नसते. तशी पक्की हमी फॉरमॅटनंतरच देता येते, आणि तोच तर मी टाळला होता.