तिधारी

जेवण झाल्यावर, भर दुपारी तुळशीला पाणी घालायची माझी सवय घरात कुणालाच पटत नाही. परवा घालताना कुंडीत एक टोकदार हिरवी काडी दिसली. चिमटीत धरून फिरवली. तीन कडा. लव्हाळा!

ही खोड जुनी आहे. बांधावर, गटाराच्या कडेला गवतासारखं काहीही दिसलं की मी ते बोटांत फिरवून बघतो. गवताची काडी गोल, पेरं असलेली, बहुधा पोकळ. लव्हाळ्याची तिधारी, भरीव, आणि थेट वरच्या फुलोऱ्यापर्यंत एकही पेर नाही. पानंही तीन दिशांना. म्हणजे हे गवत नव्हेच; पण तसं सांगायला गेलं की लोक घड्याळ बघतात.

आमचं शेत बेळगावातल्या वडगावच्या शिवारात, येळ्ळूरच्या वाटेला. धूळवाफेवर, म्हणजे पावसाआधी कोरड्या मातीत, भात पेरायचं आणि भाताआधी लव्हाळा उगवायचा. भांगलणीला, म्हणजे तण काढायला, आजी पुढे, मागे कानडी बोलणाऱ्या बायका. त्या त्याला जेकू म्हणत. नावं दोन, शिव्या मात्र दोन्ही भाषांत सारख्याच.

मी आपला वरून पातं ओढायचो. आजी ओरडायची, "तोडायलास काय रे? मुळासकट काढ की!"

मुळासकट म्हणजे काय, हे खुरप्यानं उकरल्यावर कळायचं. तारेसारखी मुळी आणि तिच्यात ओवलेल्या काळ्या गाठी. ओढली की तार तुटायची आणि अर्धी माळ खालीच राहायची. गंमत अशी, की माळ अखंड असेपर्यंत पुढची गाठ मागच्यांना बरीचशी झोपवून ठेवते. तुटली की ज्या त्या गाठीला स्वतंत्र कोंब. म्हणजे नांगरून, उपटून आम्ही त्याची लागवडच करत होतो! हे मला फार उशिरा कळलं. वेळेवर कळलं असतं तरी आजीला सांगायची छाती नव्हती.

वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसनं १७५३ साली त्याला सायपरस रोटुंडस म्हटलं. रोटुंडस म्हणजे गोल. तिधारी काडीला गोल म्हणणारा माणूस नक्कीच गाठी बघत बसला असणार.

भांगलण चुकवायची असली की मी आणि चुलतबहीण बांधापलीकडे जायचो. एका काडीची दोन टोकं दोघांनी धरायची, एकानं उभी चीर द्यायची, दुसऱ्यानं आडवी, आणि हळूहळू फाडत मध्ये यायचं. जमलं तर मधोमध चौकोन उघडतो. आम्ही त्याला खिडकी म्हणायचो. तुटला तर संध्याकाळपर्यंत कट्टी. जपानीत या जातीच्या झाडांना कायात्सुरिगुसा म्हणतात, म्हणजे मच्छरदाणी टांगायचं गवत. कारण तोच चौकोन. भांगलण चुकवणारी पोरं तिकडेही होती तर.

शाळेत फळ्यावर सुविचार असायचा, महापुरात झाडं जातात आणि लव्हाळी वाचतात. नम्रतेचा महिमा. बळ्ळारी नाला फुगून शिवारात शिरायचा, आणि ओसरल्यावर बांधावरची बाभळ आडवी, लव्हाळा चिखल झटकून उभा. फळा खोटं बोलत नव्हता. मी तो सुविचार घरी म्हणून दाखवला, तर आजी फणकारली, "नम्र? मेला खाली साठा करून बसलाय!"

मागच्या दिवाळीत रविवार पेठेतून उटण्याचं सामान आणलं. पुड्यांत नागरमोथा होता. हुंगला, आणि थेट भांगलणीतली बोटं आठवली. तोच कडवट, मातकट, जरासा कापरासारखा वास. आजीनं जन्मभर उपटून बांधावर फेकला, आणि मी पैसे मोजून घरी आणला. वर दुकानदाराशी भावही केला.

तर कुंडी. चमच्यानं उकरलं. एक गाठ हाताला लागली, तार तुटली. कुंडीतली ही माती शेतातलीच. तिथं प्लॉट पाडायला जेसीबी आला, त्याच्या आदल्या दिवशी एक पाटी भरून आणली होती.

चमचा धुऊन ठेवला. उरलेल्या गाठींचं पुढच्या आठवड्यात बघू.