तुम्ही विचारलंत म्हणून : काडतुसं घरीच का भरत नाही

हळदीत डुकरं शिरली की कुणीतरी आमच्या ओसरीवर येतंच. "दादा, रायफल हाय, लायसन हाय, मग गोळ्या भरून का घेत न्हाईत?" कळमनुरीपासून नांदेडपर्यंत हा प्रश्न मी इतक्या जणांकडून ऐकलाय की आता उत्तर लिहूनच ठेवतो.

आधी सोपं तेवढं. रायफल ३१८ वेस्टली रिचर्ड्सची. आजोबांनी निजामाच्या काळात हैदराबादेत हाली सिक्के मोजून घेतलेली. तिची काडतुसं विलायतेहून यायची, ती कधीच बंद झाली. "मग ३१५ ची चालवा, तीनचाच तर फरक," असंही सांगतात. अहो, ही काय चपलेची मापं आहेत? ३१५ च्या पुंगळीला, म्हणजे काडतुसाच्या पितळी नळकांड्याला, मागे कड असते, हिच्या पुंगळीला नसते. शिवाय हिचं नाव ३१८ असलं तरी गोळी ०.३३० इंचाची. नावावर जाऊन मापं घेणारा इथंच फसतो. आणि लायसन बंदूक बाळगायचं असतं. काडतूस तयार करायला १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली वेगळा परवाना लागतो. डुकराला, रोहीला (नीलगाईला) मारायचं तर वनखात्याची लेखी परवानगीही हवी.

हे सगळं खरं आहे. पण मी भरत नाही ते कायद्याला भिऊन, असं म्हणालो तर ते खोटं होईल. कारण एकदा भरली होती.

५ नोव्हेंबर १९८७. तारीख पाठ आहे, कारण त्या दिवशी वानखेडेवर भारत-इंग्लंड उपांत्य सामना होता आणि रेडिओ माझ्या मांडीशी होता. मी तेवीस वर्षांचा. काकांनी जपून ठेवलेल्या जुन्या पुंगळ्यांतल्या पाच निवडल्या. टोप्या (पुंगळीच्या बुडात बसतात, ठिणगी पाडून दारू पेटवतात त्या) आणि दारू कुठून आणली ते सांगणार नाही, माणूस आता हयात नाही. दारू सोनाराच्या काट्यावर तोलायची, कागदाच्या पुडीतून पुंगळीत ओतायची, वर गोळी बसवायची. तोलत होते काका. ओतत होतो मी. तिकडं गूच स्वीपवर स्वीप मारत होता आणि आमचे फिरकीवाले हवालदिल झाले होते. भरलेलं काडतूस हातात घेऊन बघा, आत दारू आहे की नाही हे बाहेरून दिसत नाही. पाचही सारखीच चकचकीत दिसत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओढ्याच्या दरडीला फुटका माठ ठेवला. काकांनी पहिली झाडली. आवाज आला तो फटाकडीसारखा, फट्. माठ जागच्या जागी.

"फुसकी निघाली की रे," काका म्हणाले. बोल्ट मागं ओढून पुंगळी बाहेर काढली आणि तिच्याकडं बघत थांबले. मी पुंगळी हातातून घेतली, खिशात टाकली आणि म्हणालो, "दुसरी टाका काका, ऊन व्हायलंय."

नुसत्या टोपीच्या जोरावर गोळी नळीत चार-सहा बोटं सरकते आणि तिथंच अडकते. सळई घालून बघायला दहा सेकंद लागली असती. सळई माझ्या पायाशी पडलेली होती.

दुसऱ्या बाराला आवाज मोठा झाला, पण वेगळाच. काका मागं बसल्यासारखे झाले. त्यांचा हात उजव्या डोळ्यावर होता आणि बोटांतून रक्त येत होतं. पुंगळीचं बूड फाटून झोत मागं आला होता. जीपमधून नांदेडला नेईपर्यंत ते एकच विचारत होते, "तुला लागलं का रं?" डोळा गेला.

त्यानंतर कैक वर्षं मी स्वतःशी भांडलो. दारू सादळली असेल. टोपी जुनी असेल. तोललं तर काकांनीच होतं ना? उरलेली तीन मी नंतर उघडून पाहिली, तिन्हींत दारू पुरेपूर. खिशातल्या पुंगळीचा वास घेतला, जळकट वास जवळजवळ नव्हताच. पण वासावरून काय सिद्ध होतं? तेवीस वर्षांचा तो पोरगा अजून म्हणतो, मी पाचही पुड्या ओतल्या. मी त्याला खोटं पाडू शकत नाही आणि त्याच्यावर विश्वासही ठेवू शकत नाही. "दुसरी टाका" हे मात्र मीच म्हणालो, तिथं त्याच्याकडंही उत्तर नाही.

काकांनी एका शब्दानं विचारलं नाही. पुढची एकोणीस वर्षं उजवीकडून कुणी हाक मारली की ते अख्खी मान वळवून बघायचे. शिकारीच्या गप्पा मात्र रंगवून सांगायचे. मी त्या वेळी उठून गोठ्यात जायचो.

रायफल फुटली नाही. नळीवर बोटं फिरवली की बुडापासून थोडं पुढं एक फुगीर कडं लागतं, म्हातारपणी बोटाच्या सांध्याला येते तशी गाठ. निवडणुकीत पोलीस ठाण्यात जमा करतो तेव्हा शिपाई नंबर लिहून घेतो, कड्याकडं कुणी बघत नाही. मीही दाखवत नाही. तुम्हालाही "गोळी मिळत नाही" एवढंच सांगत आलोय.

मुलगा म्हणतो, सरकारजमा करून टाका, कशाला हा खटाटोप. त्याचं चुकत नाही. अर्ज आणून कपाटात ठेवलाय, मागल्या दिवाळीपासून. अजून भरलेला नाही.