वर्षाची चटणी निम्मी

निम्मी चटणी. दुपारपासून डोक्यात दुसरं काही नाही.

आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, वर्षाच्या चटणीची, म्हणजे भाजी-आमटीत घालायच्या तिखट मसाल्याची, यादी सांगत होत्या, मी लिहून घेत होते. दर चैत्रात चार किलो मिरची ठरलेली: जास्त बेडगी, त्याखालोखाल संकेश्वरी, तिखटपणापुरती लवंगी. यंदा म्हणाल्या, "सगळी मिळून दोन किलो लिही." मला वाटलं ऐकण्यात चूक झाली, म्हणून परत विचारलं. तर म्हणाल्या, "आता कोण खातंय एवढं? तू तर न्हाईसच." आणि लगेच धणे, तीळ, खसखस, दगडफूल. मीही पुढं लिहीत गेले. हळकुंडं, हिंगाचा खडा, मोठं मीठ. अक्षर मात्र बिघडत गेलं.

तू तर न्हाईसच म्हणजे काय? मी ह्याच घरात आहे. दोन्ही वेळचा स्वयंपाक मीच करते. भाकरी थापते, आमटीला फोडणी देते, त्या फोडणीत हीच चटणी घालते आणि तीच आमटी खाते. मटण सोडलं म्हणजे घरच्या चटणीतला माझा वाटाही सुटला का?

त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, हे मला कळतं. उलट काटकसरच. खोबऱ्याचा भाव काय झालाय, ते त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. तरी ते वाक्य जात नाही.

रविवारचं मटण अजून मीच करते. धुऊन हळद-मीठ लावणं, खोबरं-कांदा भाजून वाटण, तर्री येईपर्यंत मंद आचेवर परतणं, सगळं. फक्त मीठ बघत नाही. पहिल्यांदा "आत्या, जरा मीठ बघता का?" म्हणाले तेव्हा त्या क्षणभर थांबल्या, मग तळहातावर रश्शाचे दोन थेंब घेऊन चाटले आणि "बरोबर हाय" म्हणून बाहेर गेल्या. आता दर रविवारी तसंच होतं. पूर्वी नळी माझ्या ताटात यायची, हे न विसरता वाढायचे. आता ती दादूला. असो.

लोकांना कारण हवं असतं. माळ घातली का? डॉक्टरांनी सांगितलं का? कुणाचा नवस? ह्यातलं एक जरी असतं तरी सगळं सोपं होतं. श्रावण पाळला की कुणी काही विचारत नाही, एकादशीला कुणी कारण मागत नाही. शेजारच्या काकींनी पंढरपूरहून येताना माळ घातली, तर त्यांच्या घरी आठवड्यात वेगळं पातेलं झालं आणि सगळे पाया पडले. माझ्यापाशी माळ नाही. गेल्या यात्रेत परड्यात उभी होते, तेव्हापासून घास उतरत नाही, एवढंच. त्यावर मला अजून लिहायचं नाही.

जाऊबाईंना माझ्या तब्येतीची काळजी. त्यांच्या सांगण्यावरून रक्त तपासलं, तर बी-१२ कमी निघालं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हे जीवनसत्त्व डाळी-भाज्यांत नसतंच, दूध-दही-ताकातून थोडं मिळतं, तेव्हा गोळी नेमानं घ्या. ती घेते. प्रथिनांचंही त्यांनीच सांगितलं, वजनाच्या दर किलोमागं साधारण ०.८३ ग्रॅम. माझं वजन ५८, म्हणजे दिवसाला ४८ ग्रॅमच्या आसपास. शंभर ग्रॅम कोरड्या मसुरात चोवीस-पंचवीस ग्रॅम असतात. शिवाय ज्वारीत जे कमी पडतं ते कडधान्यात असतं आणि कडधान्यात जे कमी ते ज्वारीत, त्यामुळं भाकरी आणि उसळ एका ताटात असणं चांगलं. हे ऐकून मला फार बरं वाटलं, कारण आपल्याकडं ते ताट आधीपासूनच तसं आहे. एवढंच शिकले की उसळीवर लिंबू पिळायचं आणि जेवणावर लगेच चहा घ्यायचा नाही, नाहीतर त्यातलं लोह अंगी लागत नाही. चहाचं आत्यांना अजिबात पटलेलं नाही.

तर मग माझा आठवडा असा झालाय. अख्खा मसूर, इस्लामपूरकडच्या ढाब्यांवर करतात तसा, कांदा जवळजवळ विरघळेपर्यंत परतून. मोड आलेली मटकी. जाऊबाईंच्या माहेराहून, कोरेगावाहून, येणारा वाघ्या घेवडा. त्याची आमटी दाट होते आणि दुसऱ्या दिवशी जास्त चांगली लागते. हुलग्याची शेंगोळी, त्यात लसूण हात न आखडता. शेंगदाण्याची आमटी. आणि वांगी. कृष्णाकाठची काटेरी वांगी, देठासकट चिरून भरलेली, कढईत तेल सुटेपर्यंत झाकून ठेवलेली. वांग्यासाठी मी मंडईत सकाळी लवकर जाते, कारण उन्हं चढली की राहिलेली वांगी घ्यावीशी वाटत नाहीत.

ह्यात चटणीशिवाय होणारं एक तरी आहे का?

आठवड्याची चौदा जेवणं. त्यातलं मटणाचं एक. उरलेल्या तेरा जेवणांना चटणी लागते आणि मटकीला, मसुराला तर मी पूर्वीपेक्षा सढळ घालते. म्हणजे चटणी वाढायला हवी. हिशेब इतका सरळ आहे आणि तरी आत्यांच्या मनात चटणी म्हणजे रविवारच. मला वाटतं, दुखतंय ते इथंच. मी रविवारातून बाहेर पडले म्हणून त्यांना मी घरातूनच थोडी बाहेर पडल्यासारखी वाटते. त्या तसं कधीच बोलणार नाहीत. यादीत बोलल्या.

रात्री भांडी आवरताना २०१९ चा महापूर आठवला. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट आणि त्या ऑगस्टात पाणी ५७ फुटांवर गेलेलं. आमच्या गल्लीत पाणी शिरायला लागलं तेव्हा ह्यांनी कागदपत्रं घेतली, मी मुलांचे कपडे घेतले आणि आत्यांनी चटणीची बरणी. दागिन्यांचा डबा मागाहून आठवला. विश्रामबागेत मामांकडं आम्ही इतकी माणसं, बाजार बंद, दूध मिळेना, भाजी मिळेना. बटाटे होते, शेंगदाणे होते, आत्यांची बरणी होती. बटाट्याचा रस्सा, दाण्याची आमटी, भात, परत बटाट्याचा रस्सा. मटणाची कुणाला आठवणही झाली नाही. धाकटी पहिल्या घासाला म्हणाली, "आपल्या घरच्यासारखं लागतंय." आत्या पदर डोळ्यांना लावून आत गेल्या.

घर खाली पाण्यात होतं आणि घराची चव त्या बरणीत होती. हे मला त्यांना सांगायचंय. भांडण म्हणून नाही, रुसवा म्हणून नाही. दुपारी मला जे बोलता आलं नाही ते एवढंच आहे: मी मटण सोडलंय आत्या, तुमच्या हातची चटणी नाही. ती सोडायची म्हणाले तर मला जेवताच येणार नाही.

हे लिहिता लिहिता मन बरंच हलकं झालं. त्याही काय करतील? पस्तीस-चाळीस वर्षं दर रविवारी ह्या घरात जे शिजलं त्यात पहिल्यांदाच एक ताट कमी झालंय. त्यांना सवय व्हायला वेळ लागणार. मला तरी कुठं लगेच झाली? खोबरं भाजल्याचा वास आला की अजून तोंडाला पाणी सुटतं. त्याची लाज वाटत नाही. वास आवडतो, खावंसं वाटत नाही. दोन्ही खरं आहे.

उद्या साडेतीन किलोचं बोलते. देठं काढायला मी बसेन, कांदा मी वाळवेन, डंकावर कुटून आणायलाही मीच जाईन. अर्धा किलो त्यांच्या शब्दाखातर कमी.

पुढच्या आठवड्यात गावची यात्रा. न जाण्याचं मी मनात जवळजवळ ठरवलं होतं, आज ते बदललं. परड्याकडं फिरकणार नाही, पण जाणार. आणि भरली वांगी नेणार. माझ्यापुरती डब्यात नव्हे, मोठ्या पातेल्यात, पंगतीत सगळ्यांना वाढता येतील एवढी. चुलत सासूबाई भाकरीबरोबर दोनदा मागून घेतात, मला माहीत आहे.