शॉवरखाली बादली
आज भाच्याला सोबत घेऊन शॉवरखाली 20 लिटरची बादली ठेवली, मोबाइलवर वेळ लावली. दोन मिनिटांत काठोकाठ! म्हणजे आठ मिनिटांच्या आंघोळीला 80 लिटर. शहरात माणशी दिवसाला 135 लिटर धरतात, अन् त्यात स्वयंपाक, धुणीभांडी, संडास सगळंच आलं. बादली-मग घेतला तर 20 लिटरमध्ये डोक्यावरून आंघोळ होते.

आपल्या नागपूरला हे पाणी पेंच धरणातून, कन्हान नदीतून येतं. शुद्ध करायचं, पंपाने टाकीत चढवायचं, केवढा खटाटोप! मे महिन्यात घरोघरी कूलरही पाणी पितात, तेव्हा तर शॉवर सुरू करायला जीव धजत नाही. साबण लावताना तरी नळ बंद करा रे! कमी धारेचा शॉवर आणतोय, लावला की पुन्हा मोजू.