सांची: शुक्रवारी जाऊ नका, आणि तासाभरात परतू नका

आम्ही दोन्हीतली पहिली चूक केली, दुसरी टळली. टळली ती आईमुळे.

रात्री नागपूरला गाडीत बसलो की पहाटे भोपाळ. मुंबई, नाशिक, भुसावळकडच्यांनाही भोपाळपर्यंत थेट गाड्या आहेत. सांचीला स्वतःचं स्टेशन आहे, पण लांब पल्ल्याच्या फारच थोड्या गाड्या तिथं थांबतात. दहा किलोमीटर पुढं विदिशाला जास्त थांबतात, ते बघून ठेवा. आम्ही भोपाळच्या नादरा बसस्टँडवरून विदिशाची बस धरली. अंतर साधारण ४६ किलोमीटर, पण बस जागोजागी माणसं घेत जाते, दीड तास धरून चला. बसायच्या आधी पोहे-जलेबी झाली. पोह्यांवर शेव, बडीशेपेचा वास आणि वरून जिरावन मसाला. आईनं दोन घास खाल्ले आणि "तर्री नाही का?" म्हणून विचारलं. तर्री म्हणजे आमच्याकडं पोह्यांवर ओततात तो तिखट रस्सा. नागपूरकरांना वेगळं सांगायला नको.

तिकीट स्तूपांच्या टेकडीच्या पायथ्याशी मिळतं. भारतीयांना ४० रुपये, १५ वर्षांखालच्या मुलांना काही नाही. हे वरच्या दारात गेल्यावर कळलं तर उलट पावली खाली यावं लागतं, म्हणून आधीच सांगते. संग्रहालयही खालीच आहे आणि त्याला शुक्रवारी सुट्टी. आम्ही पोचलो तो नेमका शुक्रवार. कुलूप बघून माझा चेहरा उतरला. एका दिवसात उरकून रात्री भोपाळ गाठायचा बेत होता. आई म्हणाली, "मंग राहू नं एक दिवस. कोण वाट पाहून राहिलं घरी?" म्हणून राहिलो.

वर जायला रस्ता आहे आणि पायऱ्याही. गुडघे दुखत असतील तर रिक्षानं वरपर्यंत जा, पण परतीचं भाडं आणि थांबायचा वेळ आधीच बोलून घ्या. आमचा रिक्षावाला एक तास म्हणाला होता आणि पाऊण तासात हॉर्न वाजवायला लागला. त्याचे पैसे चुकते करून त्याला पाठवून दिलं. संध्याकाळी पायऱ्यांनी सावकाश उतरलो, तेच बरं पडलं.

मोठ्या स्तूपासमोर आईचा पहिला प्रश्न: "आत जायचं दार कुठून आहे याले?" चूक तिची नाही. दीक्षाभूमीचा स्तूप सांचीच्या धर्तीवर बांधला, पण तो आतून पोकळ आहे, माणसं आत बसतात. इतकी वर्षं तिनं तोच पाहिलेला. सांचीचा भरीव आहे. पोटात अशोकाच्या काळचा विटांचा लहान स्तूप, त्यावर शंभरेक वर्षांनी चढवलेलं दगडी आवरण. व्यास ३६.६ मीटर, उंची साडेसोळा मीटरच्या आसपास. आत जायचं नसतं, भोवती फिरायचं असतं, स्तूप उजव्या हाताला ठेवून. आईनं तीन प्रदक्षिणा घातल्या, मी तिच्या मागं तोरणांकडं, म्हणजे चार दिशांच्या उंच दगडी दारांकडं, मान वर करत.

दुर्बीण न्या. साधी, मुलांची असली तरी चालेल. तोरणांवरचं निम्मं काम इतकं उंच आहे की नुसत्या डोळ्यांनी नक्षी दिसते, गोष्ट दिसत नाही. ही चार तोरणं इसवी सनपूर्व पहिल्या शतकातली. त्यांवर बुद्धाचं आयुष्य आहे आणि बुद्ध कुठंच नाही. जिथं तो असायला हवा तिथं बोधिवृक्ष, चक्र, पावलं. पूर्वेच्या तोरणावर सिद्धार्थ घर सोडून निघतो, तर रिकामा घोडा आणि त्याच्यावर धरलेली छत्री. तोच घोडा चार-पाच वेळा पुढं पुढं सरकत जातो आणि शेवटी उरतात ती पावलं. स्तूपाला टेकून बसलेल्या बुद्धमूर्ती दिसतात त्या नंतरच्या, गुप्तकाळातल्या. आणि गंमत म्हणजे बुद्ध स्वतः सांचीला कधी आल्याची नोंद नाही. जागा मोठी झाली ती खाली विदिशा हे व्यापाराचं श्रीमंत शहर होतं म्हणून. अशोकाची पत्नी देवी तिथलीच, असं सिंहली परंपरा सांगते.

उत्तरेचं तोरण सगळ्यांत शाबूत आहे. हिवाळ्यात त्याच्या बाहेरच्या अंगाला ऊन लागत नाही, त्यामुळं फोटो मंद येतात पण बघायला निवांत. पूर्वेच्या तोरणावर सकाळीच जा, झाडाला लटकलेली स्त्रीमूर्ती, शालभंजिका, त्या उन्हात बघायची.

दक्षिणेच्या तोरणाशी मराठी माणसानं जरा जास्त थांबावं. सगळ्यांत वरच्या आडव्या तुळईवर लेख आहे: राजा श्री सातकर्णीच्या कारागिरांचा प्रमुख, वासिष्ठीपुत्र आनंद, याचं दान. म्हणजे आपले सातवाहन. सातकर्णी नेमका कोणता यावर अभ्यासक भांडतात, ते भांडोत. त्याच तोरणाच्या खांबावर दुसरा लेख सांगतो की हे कोरीवकाम विदिशाच्या हस्तिदंत कारागिरांनी केलं. तो वाचला आणि मग खांबाकडं पाहिलं तेव्हा कळलं, दगडावर इतकं बारीक, खच्चून भरलेलं काम कुणाला सुचेल. हस्तिदंत कोरणाऱ्यालाच.

पण माझा अर्धा दिवस गेला तो कठड्यावर. स्तूपाभोवतीच्या दगडी कठड्यावर शेकडो छोटे लेख आहेत. अमक्याचं दान, तमक्या भिक्षुणीचं दान. कुणी एक खांब दिला, कुणी एक आडवा दगड. १८३७ मध्ये जुन्या लिपींचा इंग्रज अभ्यासक जेम्स प्रिन्सेप याच्या हाती यांचे ठसे आले, आणि जवळजवळ प्रत्येक लेखाच्या शेवटी तीच दोन अक्षरं आहेत हे त्याच्या लक्षात आलं. दगडावर इतक्या लोकांनी एकच शब्द लिहिला, तर तो 'दान'च असणार. तिथून ब्राह्मी, म्हणजे या लेखांची लिपी, उलगडत गेली. ही दोन अक्षरं तुम्हालाही ओळखता येतात. ओळीच्या शेवटी बघा: 'न' म्हणजे उभी रेघ आणि तिच्या तळाशी आडवी रेघ, उलट्या धरलेल्या इंग्रजी टीसारखा. शेजारी अनुस्वाराचा ठिपका. त्याच्या आधीची वाकडी, मधे पोट आलेली रेघ म्हणजे 'दा'. मी आईला एकदा दाखवलं. मग तीच पुढं पुढं जाऊन, "हे पाय, इथंही आहे" करत राहिली. हात मात्र लावू नका, दगड आधीच झिजलाय.

दक्षिण तोरणाजवळच अशोकस्तंभाचा बुंधा आहे. खांब कुणा जमीनदारानं उसाच्या चरख्यासाठी फोडला, असं पुरातत्त्वज्ञ जॉन मार्शलनं नोंदवलंय. याच मार्शलनं १९१२ ते १९१९ मध्ये इथलं बरंचसं पुन्हा उभं केलं. स्तंभावरची आज्ञा: संघात फूट पाडणाऱ्या भिक्षूला किंवा भिक्षुणीला पांढरी वस्त्रं नेसवून बाहेर काढावं. पांढरं म्हणजे गृहस्थाचं वस्त्र. हे मी वाचून दाखवलं तेव्हा आई पांढऱ्याच साडीत होती. म्हणाली, "आम्ही तं आधीच बाहेर आहो."

तीन नंबरचा स्तूप लहान, एकाच तोरणाचा. १८५१ मध्ये कनिंगहॅम आणि मेसी या इंग्रज लष्करी अधिकाऱ्यांना इथं सारिपुत्त आणि मोग्गलान या बुद्धाच्या दोन प्रमुख शिष्यांच्या अस्थींच्या पेट्या सापडल्या. करंडकांच्या झाकणांच्या आत शाईनं एकेक अक्षर लिहिलेलं होतं, 'सा' आणि 'म'. अस्थी इंग्लंडला गेल्या, परत आल्या, आणि १९५२ पासून टेकडीवरच्या चेतियगिरी विहारात आहेत. एरवी त्या बंद असतात. नोव्हेंबरच्या अखेरीस उत्सवात दर्शनाला काढतात, तेव्हा गर्दीही तशीच. आम्ही डिसेंबरात गेलो, विहारात आम्ही दोघी आणि एक भंतेजी. आईनं त्रिशरण पंचशील म्हटलं.

दोन नंबरच्या स्तूपाकडं फार कुणी उतरत नाही. पश्चिमेच्या उतारावर पायऱ्या आहेत, वाटेत विहाराचे अवशेष आणि भलंमोठं दगडी भिक्षापात्र. याला तोरण नाही, पण कठडा मोठ्या स्तूपाच्या तोरणांहून जुना. कमळं, हत्ती, घोड्याच्या तोंडाची बाई, सगळं ओबडधोबड आणि जिवंत. चढताना दम लागतो, आई विहाराच्या भिंतीशी सावलीत बसून राहिली. पाणी सोबत हवंच, आणि वर खायला मिळेल या भरवशावर राहू नका.

शनिवारी सकाळी संग्रहालय. अशोकस्तंभाचं चार सिंहांचं शीर्ष इथं आहे, त्याची झिलई बघा. दुपारी विदिशाजवळ उदयगिरीच्या लेण्यांतली वराहमूर्ती आणि हेलिओडोरस या ग्रीक राजदूताचा खांब रिक्षानं केले. सातधाराचे स्तूप राहिले. त्यासाठी स्वतःची गाडी हवी. गाडी असेल तर भोपाळ-सांची रस्त्यावर कर्कवृत्ताची खूणही आहे, उतरून बघता येते. आमची बस थांबली नाही. कंडक्टरनं नुसतं खिडकीतून बोट दाखवलं आणि आईला जाग येईपर्यंत ती मागं गेली होती.