उजनीच्या काठाकाठानं : जेऊर ते कुगाव, सायकलवर

सोलापूरच्या माणसाला उजनी धरणाच्या पाणीसाठ्याची टक्केवारी तोंडपाठ असते. चार-पाच दिवसांनी नळाला पाणी येणाऱ्या गावात पेपर उघडला की आधी तो आकडा बघायचा, मग बाकीच्या बातम्या. मी तो हल्ली आणखी एका कारणासाठी बघतो. सायकल कुठून घालायची हे त्याच्यावर ठरतं.

उजनीच्या फुगवट्याच्या काठच्या वाटा बारमाही नाहीत. ऑक्टोबरात धरण भरलेलं असताना जिथं पुरुषभर पाणी असतं, तिथं मार्चमध्ये ट्रॅक्टरची चाकोरी पडलेली असते आणि मेमध्ये कलिंगडं. मोबाइलमधला नकाशा कुठल्या महिन्याच्या पाण्यावर काढलाय देव जाणे. आम्हाला तो तासभर भीमेच्या मधोमध सायकल चालवताना दाखवत होता.

बाहेरगावच्यांसाठी एक खुलासा. शून्य टक्के म्हणजे धरण कोरडं असं नव्हे. एकूण साठा सुमारे 117 टीएमसी (अब्ज घनफूट), त्यातला 63 टीएमसीच्या वर मृतसाठा. टक्केवारी मोजतात ती फक्त वरच्या त्रेपन्न-साडेत्रेपन्नाची. म्हणून उन्हाळ्यात आमची उजनी ‘मायनस’मध्ये जाते आणि तरीही पाणी दिसत राहतं. सायकलसाठी माझा हिशेब असा : नव्वदच्या वर असेल तर काठाचा नाद सोडा, डांबरीनं फिरा. सत्तर ते तीसच्या दरम्यान सगळ्यात मजा. मायनसमध्ये वाटा भरपूर, पण ऊनही तसंच.

आम्ही गेलो तेव्हा फेब्रुवारी होता आणि आकडा साठीच्या आसपास. आम्ही म्हणजे मी, वय बावन्न, उजवा गुडघा कुरकुरणारा. आणि माझा भाचा, ज्याला पक्षी कळतात आणि थांबायचं कुठं ते कळत नाही. ओळखीतल्या एकाच्या छोट्या हत्तीत सायकली टाकून पहाटे चारला सोलापूर सोडलं. पुणे हायवेनं टेंभुर्णी, तिथून करमाळ्याच्या रस्त्याला लागून कंदर आणि मग जेऊर. कंदर हे केळीचं गाव. इथली केळी परदेशात जातात. पहाटेच्या अंधारात केळीच्या बागा दिवा मारल्यासारख्या हिरव्या दिसतात. रेल्वेनंही जमेल, जेऊरला स्टेशन आहे. पण सायकल लगेजमध्ये बुक करावी लागते आणि सगळ्या गाड्या थांबत नाहीत. आदल्या दिवशी स्टेशनवर जाऊन विचारा.

जेऊरला चहा मारला आणि उजाडता उजाडता पश्चिमेला निघालो. शेटफळ, चिखलठाण, कुगाव असा हा पट्टा. पाणी डाव्या हाताला. दिशा मुद्दाम सांगतोय. सकाळी पश्चिमेला गेलात तर सूर्य पाठीशी राहतो आणि उजेड पाण्यावरच्या पक्ष्यांवर पडतो. दुपार कुगावात काढायची, चारनंतर परत फिरायचं, तेव्हाही ऊन पाठीवरच. उलटं केलंत तर जाता-येता डोळे बारीक करून चांदीचा पत्रा बघत बसाल. दुसरं म्हणजे, पाणी उघडं असल्यानं ऊन चढलं की वारा सुटतो. सकाळी दहाच्या आत निम्मं अंतर झालेलं बरं.

शेटफळपर्यंत रस्ता डांबरी, खड्डे ओळखीचे. त्यापुढे कुठल्याही शेतरस्त्यानं डावीकडं उतरलं की काठ. चढ नावालाही नाही. उसाच्या दोन फडांमधून जाणारी मातीची वाट, दोन्ही बाजूंनी पाचट, आणि एकदम फड संपून समोर नुसतं पाणी. पहिल्यांदा बघणाऱ्याला हा दुष्काळी सोलापूर जिल्हा आहे हे पटत नाही.

पण खरं बघण्यासारखं असतं काठावरचं शेत. पाणी उतरत जातं तशी मागे राहिलेल्या गाळात लोक पेरतात. याला गाळपेर म्हणतात. मका, हरभरा, पुढं कलिंगड. आणि वरच्या उसाला पाणी द्यायला मोटारी बसवलेल्या असतात, त्या पाण्यामागं सरकतात. पाणी वीस फूट मागं गेलं की मोटार वीस फूट पुढं, पाइपाला आणखी एक तुकडा, केबल आणखी लांब. पाणी फारच लांब गेलं की चारी खोदून ते मोटारीपर्यंत आणायचं. त्यामुळं काठावर दर शे-दोनशे मीटरवर पाइप आडवा येतो. एक शिस्त पाळा : उतरा, सायकल उचला, पलीकडं ठेवा, पुढं चला. पाइपावरून उडी मारायची हौस नको; फुटला तर एका शेतकऱ्याचं भिजवणं थांबतं. आणि केबलला हातपाय लावू नका. ओल्या जमिनीवर पडलेली, जागोजागी चिकटपट्टी गुंडाळलेली केबल असते ती. आम्ही अठरा पाइप मोजले. गुडघ्यानं एकोणीस मोजले.

चिखलठाणच्या अलीकडं भाच्याला पट्टकदंब दिसले. हिमालय ओलांडून येणारे हे राखाडी हंस, डोक्यावर दोन काळ्या पट्ट्या, हरभऱ्याच्या कडेला गावठी कोंबड्यांसारखे चरत होते. पाण्यात शेकाट्या, चमचे, चित्रबलाक. लांब एक गुलाबी रेघ होती, ती रोहितांची, म्हणजे फ्लेमिंगोंची. आणि काळ्या अंगाच्या, पांढऱ्या कपाळाच्या पक्ष्यांची झुंडच्या झुंड. भाचा म्हणाला, “मामा, हे वारकरी.” मला वाटलं चेष्टा करतोय. पण खरंच मराठीत त्या पक्ष्याचं नाव वारकरी आहे, आणि हेच पाणी पुढं पंढरपूरला जातं.

गुलाबी रेघ जवळून बघावी म्हणून तो काठ सोडून आत निघाला. जमीन वाळलेली, भेगा पडलेली, वर शिंपल्यांचा चुरा. बांधावरनं एका म्हाताऱ्या बाबांनी हाक मारली, “ओ पाव्हणं, तिकडं नका जाऊ. वरनं वाळल्यालं दिसतंय, खाली गाळ हाय.” ‘पाव्हणं’ पोचेपर्यंत पुढचं चाक हबपर्यंत गेलं होतं. मग पाय. पाय काढला तर बूट आत. बूट शोधायला हात घातला तर हात कोपरापर्यंत आत. बाबांनी उसाच्या पाचटाचे दोन भारे आणून टाकले, त्यावर पालथं झोपवून त्याला ओढला, मग सायकल. ती उचलेना; चाकाला आणि ब्रेकमध्ये गाळ इतका बसला होता की चाकच फिरत नव्हतं. बाबा म्हणाले, “गावाचं नावच चिखलठाण हाय, पाटी वाचली न्हाई व्हय?”

तर हे लक्षात ठेवा. जमिनीवर गुरांचे किंवा ट्रॅक्टरचे ठसे असतील तिथंच जायचं. भेगांच्या आतली माती काळी ओली दिसली की मागं फिरायचं. हिरवं लुसलुशीत गवत काठाशी दिसलं तर त्यावर तर जाऊच नका. आणि रोहितांच्या मागं लागू नका. आपण दहा पावलं टाकली की ते उडतात, चरणं सोडून. दुर्बीण न्या, काठावर बसा. त्यांची पिसं उडल्यावरच आतून लाल दिसतात हे खरं, पण उडायचं तेव्हा ते आपणहून उडतात.

काट्यांचं वेगळं सांगायला हवं. वेड्या बाभळीचा काटा जाड टायरलाही जुमानत नाही, आणि शेतवाटेवर सराटे. दिवसात माझे दोन, भाच्याचे तीन पंक्चर. ट्यूब प्रत्येकी दोन न्या, ठिगळाचं सामान न्या, आणि केसांचा चिमटा न्या. ट्यूब बदलली पण टायरमध्ये तुटलेलं टोक राहिलं की दोनशे मीटरवर पुन्हा फुस्स. टायर आतून बोटानं सावकाश चाचपायचा. एरवी रस्त्याची सायकल इथं कामाची नाही. हायब्रिड किंवा एमटीबी (डोंगरी सायकल), आणि हवा थोडी कमी, 35-40 पीएसआय. मडगार्ड असतील तर काढून ठेवा, काळी माती त्यात भरली की ढकलतसुद्धा नाही.

पिण्याचं पाणी घरून, माणशी तीन लिटर. फुगवट्याचं पाणी कितीही निळं दिसलं तरी वरून मुळा-मुठेतून पुण्याचं सांडपाणी भीमेला मिळतं हे विसरू नका. जेवण आम्ही बांधून नेलं होतं : कडक भाकरी, शेंगाचटणी, कांदा. कडक भाकरीला खड्ड्यांत काही होत नाही, उलट चुरायची मेहनत वाचते. ताजी चिलापी मासळी खायची असेल तर टेंभुर्णीकडं परतताना रस्त्याच्या ढाब्यावर मिळते. मुक्काम करायचा झाला तर टेंभुर्णी किंवा करमाळा. काठावरच्या गावांत सोय धरून जाऊ नका.

नोव्हेंबर ते मार्च ऊसतोडीचा हंगाम. दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर मागनं आला की सरळ खाली उतरून उभं राहा. त्याला आपण दिसत नाही आणि दिसलो तरी त्याला थांबता येत नाही.

कुगावला दुपारी झाडाखाली पडलो. पाणी फार उतरलं की इथला इनामदारांचा बुडालेला वाडा वर येतो. आम्हाला साठ टक्क्यांना तो दिसणं शक्यच नव्हतं. समोर इंदापूर तालुका, मधे नुसतं पाणी. होडीतून सायकल पलीकडं नेण्याचा मोह होतो. मे 2024 मध्ये याच कळाशी-कुगाव मार्गावर वादळी वाऱ्यात होडी उलटून सहा माणसं गेली. जीवनरक्षक जॅकेट नसेल तर चढू नका, आणि एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर तर नकोच. आम्ही आल्या वाटेनं परतलो. संध्याकाळी काठाला चिलटांचे ढग उठतात, चष्मा लावा आणि बोलणं बंद ठेवा.

जेऊरला मीटरवर 46 किलोमीटर पडले होते. एवढ्याला अख्खा दिवस म्हणजे चालत गेलो असतो तरी चाललं असतं, असं छोट्या हत्तीचा ड्रायव्हर म्हणाला. एवढं लांब जमत नसेल तर सोलापुरातनंच सकाळी तुळजापूर रस्त्यानं हिप्परग्याच्या तलावावर जा. 1871 साली पुरा झालेला इंग्रजांच्या काळचा तलाव आहे तो, शहराच्या शिवेवर. वारकरी तिथंही भेटतात.

सायकल त्याच रात्री धुवा. गाळ वाळला की सिमेंट होतो, चेन तर गेलीच समजा. आणि चिखलठाणच्या काठाला, पाणी आणखी उतरल्यावर कुणाला एक बूट दिसला तर तो भाच्याचा आहे. डावा, नऊ नंबर. उजवा त्यानं अजून जपून ठेवलाय.